गुडघ्यांची बखर

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या वडील माणसाच्या पाठीला आणि गुडघ्यांना कोमट तेल चोळताना आपण एक फार जुनी चिकित्सा करीत असतो, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. आधी तेल, मग उटणे, मग कढत पाणी. चरकसंहितेत याच क्रमाला स्नेहन आणि स्वेदन अशी भारदस्त नावे आहेत. वंगण घातलेला गाड्याचा आस किंवा तेल प्यालेले कातडे जसे पुष्कळ दिवस टिकते तसे अभ्यंगाने शरीर टिकते, अशा अर्थाचा दृष्टान्त त्या ग्रंथात दिलेला आहे. गाडीवानाला आणि चांभाराला पटेल असा दृष्टान्त शास्त्रकाराने घ्यावा, याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

या दिवाळीला राजामहाराजांच्या बखरी बाजूला ठेवून गुडघ्यांची बखर सांगावी असे मनात आहे. वाचकांत ज्यांचे वय साठीच्या पुढे गेले आहे त्यांना हा विषय परका वाटणार नाही. आणि ज्यांचे गेले नाही त्यांच्या घरात कुणीतरी जमिनीवरून उठताना भिंतीला हात लावून 'अगाई' म्हणत असेलच.

आपल्याकडे सांध्याच्या सगळ्या दुखण्यांना संधिवात म्हणावयाची रीत आहे; पण जुन्या वैद्यांनी त्यांत भेद केला होता. आमवात निराळा, वातरक्त निराळे आणि संधिगत वात निराळा. या शेवटच्याचे चरकाने केलेले वर्णन मोठे चपखल आहे. हाताला वारा भरलेल्या पखालीसारखी लागणारी सूज, आणि सांधा आखडताना-पसरताना होणारी वेदना, एवढी दोन लक्षणे त्याने टिपली आहेत. वय वाढले, सांध्यातली कूर्चा झिजली, हाडांच्या कडा वाढल्या, म्हणजे होणारे जे दुखणे आज डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणून सांगतात, त्याच्याशी हे पुष्कळ जुळते. इंग्लंडातल्या विल्यम हेबरडेन नावाच्या वैद्याने बोटांच्या पेरांवर येणाऱ्या गाठींचा वातरक्ताशी संबंध नाही असे लिहून ठेवले, ते १८०२ साली, त्याच्या मरणोत्तर, छापले गेले. क्ष-किरण सापडले १८९५ साली. आणि त्या छायाचित्रांवरून झिजेच्या शून्य ते चार अशा पायऱ्या ठरविण्याची केलग्रेन आणि लॉरेन्स यांची पद्धत आली १९५७ साली. 'तिसऱ्या ग्रेडचा गुडघा' असे आज डॉक्टर सांगतात ती पायरी ही.

दुखण्याचे नाव ठरावयाला इतका काळ गेला, पण उपाय काही नावासाठी थांबले नव्हते. चरकाने अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतला जेन्ताक स्वेद वाचताना तर डोळ्यांपुढे चित्र उभे राहते: जलाशयाच्या काठी वाटोळी मातीची खोली, मधोमध भट्टी, भिंतीला धरून ओटा, आणि त्या ओट्यावर निजलेला रोगी. त्याला वैद्य बजावून ठेवतो की घेरी आली तरी ओटा सोडू नकोस. सोडलास तर दार सापडणार नाही आणि प्राणाला मुकशील! इतका थाट आमच्या परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात कोण करणार? आमच्याकडे तेरांपैकी दोनतीनच उरले होते. तव्यावर तापविलेल्या वाळूची पुरचुंडी, जाड्या मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली तापली वीट आणि तेल लावून गरम केलेली रुईची पाने. निर्गुडीच्या पाल्याचा वाफारा त्या मानाने खानदानी समजला जाई.

आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्यामुळे वैद्यांच्या जोडीला हकीमही होते. युनानी वैद्यकात औषधावाचून करावयाच्या उपचारांचा एक स्वतंत्र भागच आहे, त्याला 'इलाज बित् तदबीर' म्हणतात. त्यात हमाम येतो, दलक म्हणजे मालीश येते, रियाजत म्हणजे व्यायाम येतो आणि हिजामा, म्हणजे आपली तुंबडी, तीही येते. तुंबडी मात्र हकिमापेक्षा वैदूच्या झोळीतून आम्हाला जास्त ठाऊक. दुखऱ्या जागी शिंग किंवा तुंबा लावून हवा ओढून घ्यावयाची. कातडी फुगून लाल होई आणि रोग्याला वाटे, दुखणे वर आले. दुसऱ्याला लुबाडून आपली तुंबडी भरणाऱ्यांविषयी मराठीत जो वाक्प्रचार आहे, तो उगाच नव्हे.

आणि सर्वांत कठोर उपाय म्हणजे डाग. सुश्रुताने अग्निकर्म सांगितले आहे हे खरे. पण सांध्याच्या आणि शिरांच्या जागी त्याने मध, गूळ, चरबी असे पदार्थ तापवून वापरावयास सांगितले, लोखंड नव्हे. हा नाजूक भेद खेड्यापर्यंत उतरताना गळून पडला आणि हाती राहिला तो लाल केलेला विळा. माझ्या आजीच्या दोन्ही गुडघ्यांवर बाजूला तसे तीनतीन डाग होते. लहानपणी मला ते गोंदण वाटत असे.

आजीची हकीकत थोडी सांगितली पाहिजे, कारण या बखरीत मी शिरलो तो तिच्यामुळे. गंगाखेडला आमचे घर घाटापासून फार लांब नव्हते. गोदावरीला आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही, ती गंगा. जनाबाईचे हे गाव. जात्याचे आणि गावाचे नाते तेव्हापासूनचे. आजी पहाटे जात्यावर बसे, एक पाय पसरून आणि दुसरा दुमडून, आणि तास दोन तास दळी. मग गंगेवर अंघोळ. मग चूल, तीही जमिनीवर. सारा जन्म असा गुडघ्यांच्या घडीवर गेला. पन्नाशीनंतर गुडघे बोलू लागले. प्रथम घाटाच्या शेवटच्या पायऱ्या सुटल्या. ती वरच्याच पायरीवर बसून लोटीने पाणी अंगावर घेई. मग घाट सुटला. मग देऊळ. पुढे शेजारच्या आळीतले हळदीकुंकू सुटले, आणि अखेरची काही वर्षे ओसरी ते न्हाणी एवढेच तिचे जग राहिले. ज्याला त्याला ती सांगे, "गुडघे गेले माय, आता गंगेवर काही जायाचं होईना." तिच्या तक्रारीत वेदनेचा उल्लेख सहसा नसे, जाता येत नाही याचाच असे. तिला भेटावयास येणारा प्रत्येक माणूस एकच उपदेश करी: आता हालू नका, स्वस्थ बसा.

या 'स्वस्थ बसा'चा इतिहास केवळ आपल्या खेड्यांचा नाही. लंडनचा शस्त्रवैद्य जॉन हिल्टन याने विश्रांती हीच दुखऱ्या सांध्याची निसर्गदत्त चिकित्सा आहे अशी व्याख्याने दिली आणि १८६३ साली ती ग्रंथरूपाने छापली. क्षयाने पोखरलेल्या सांध्याला ती लागूही पडत होती. त्या काळी क्षयाचे सांधे फार. पण नियम एकदा रुजला म्हणजे जागा पाहून थांबत नाही. झिजेच्या सांध्यालाही तोच लागू झाला. उलट बाजूला, स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ सालीच व्यायाम आणि मालीश शिकविणारी राजमान्य संस्था काढली होती. इंग्लंडात चार परिचारिकांनी १८९४ मध्ये मालीश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची संस्था स्थापली, तिचीच पुढे तेथील फिजिओथेरपीची सनदी संस्था झाली. डॉक्टर विश्रांती सांगत होते आणि या बायका हळूहळू सांधा हलवीत होत्या. अडाणी म्हणून हिणवले गेलेले तिकडचे हाडवैद्यही सांधा हलवीतच होते. आपल्याकडे तालमीतल्या वस्तादाला ही गोष्ट ठाऊक होती. पण तालमीत आजीला कोण घेणार?

आजीला एकदा उनकेश्वरला नेले होते. १९६१ च्या आसपासची गोष्ट. उनकेश्वर हे किनवट तालुक्यात, पैनगंगेच्या खोऱ्यात; किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, मग नांदेडकडे आले. तेथे गंधकाच्या वासाचे गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषीसाठी रामाने बाण मारून ते काढले अशी आख्यायिका. आमच्या भागातल्या वाताच्या आणि कातडीच्या रोग्यांची ती काशी. गंगाखेडहून परभणी, परभणीहून मुदखेड, मुदखेडहून किनवट असा त्या वेळच्या छोट्या रुळांच्या गाडीचा प्रवास, आणि पुढे बैलगाडी. आजीला दोघांनी धरून कुंडात उतरविले. आणि आश्चर्य पाहा: पाण्यात गेल्यावर ती कुणाला न धरता उभी राहिली, दोन पावले चालली, आणि हसली. परत येईपर्यंत आणि आल्यावर महिनाभर ती बरीच हलकी होती. मग पुन्हा जैसे थे. घरात सर्वांनी निर्णय दिला, की पाण्यात गुण आहे पण तो गावी आणता येत नाही.

पाण्याचा गुण मला पुढे फार वर्षांनी कळला. कोकणात वज्रेश्वरी-अकलोलीला, गणेशपुरीला, राजापूरजवळच्या उन्हाळ्याला जे झरे आहेत, तेथेही तोच आहे. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि वर येते, एवढी त्यातली भूगर्भाची बाजू. शरीराची बाजू दोन प्रकारची. ऊब लागली म्हणजे सांध्याभोवतीचे आवळलेले स्नायू सैल होतात; हा गुण वाळूच्या पुरचुंडीतही आहे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. छातीपर्यंत पाण्यात उभे राहिले असता पायांवर देहाच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्साच राहतो. आजी उनकेश्वरला दोन पावले चालली ती त्यामुळे. गंधकाला श्रेय द्यावयाचे तर द्यावे, पण गंगेच्या पाण्यातही हे घडले असते. अडचण एवढीच, की ज्याला पाण्याची गरज त्याला घाट उतरता येत नाही.

त्याच सुमारास मुंबईत मोठी घडामोड चालू होती, तिची वार्ता आमच्यापर्यंत आली नव्हती. के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० साली व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. या बाई अमेरिकेत जन्मलेल्या, मराठी घरात सून म्हणून आलेल्या. जेवण रांधणे, वेणी घालणे, लिहिणे अशी रोजची कामे अधू माणसाला पुन्हा कशी करता येतील याचे हे शास्त्र. त्याच रुग्णालयात १९५२-५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने फिजिओथेरपीची शाळा निघाली. ती देशातली पहिली. १९५५ मध्ये हाजीअलीला भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. पोलिओने पाय गेलेली मुले हा त्या वेळचा मुख्य प्रश्न होता, आणि तो तसा होता हे योग्यच. म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांची पाळी यावयास वेळ होता.

पुण्याकडे निराळीच वाट चालू होती. गांधीजी १९४६ च्या मार्चमध्ये उरुळीकांचनला येऊन राहिले आणि त्यांनी खेडूतांवर कटिस्नान, मातीच्या पट्ट्या, सूर्यप्रकाश असे उपचार केले. मागे राहिलेल्या मणिभाई देसाईंनी तो आश्रम वाढविला आणि तो आजही चालू आहे. लाइपझिगच्या लुई कूनेच्या जलचिकित्सेवर गांधीजींची जुनी श्रद्धा. मातीच्या पट्टीने झिजलेली कूर्चा भरून येते असे मला वाटत नाही. पण त्या आश्रमात जाणाऱ्याला माफक जेवावे लागते आणि चालावे लागते, या दोन गोष्टींचा गुण गुडघ्याला येतो हे निश्चित. पुण्यातच १९३७ पासून बी. के. एस. अय्यंगार योगासने शिकवीत होते. भिंतीला बांधलेले दोर, लाकडी विटा, पट्टे, खुर्च्या यांचा आधार घेऊन ताठरलेल्या माणसालाही आसन करता यावे ही त्यांची कल्पकता. त्यांच्या पद्धतीची बोटांच्या संधिवातावर अमेरिकेत परीक्षा झाली. १९९४ साली तिचा वृत्तान्त छापला गेला आणि वेदना कमी झाल्याचे त्यात आढळले.

परीक्षा हा शब्द आला म्हणून सांगतो. शेक, मालीश, तुंबडी, विजेची यंत्रे, सगळ्यांच्या बाजूने गुण आलेल्या माणसांच्या साक्षी असत. पण असे दुखणे आपल्या मनानेही वरखाली होत असते. तेव्हा खरे किती आणि काकतालीय किती हे ठरविण्यासाठी माणसांचे चिठ्ठ्या टाकावे तसे गट पाडून तुलना करावी लागते. तशी मोठी तुलना अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झाली. साठी उलटलेली ४३९ माणसे. एका गटाला चालण्याचा व्यायाम, दुसऱ्याला वजने उचलण्याचा, तिसऱ्याला नुसती आरोग्याची माहिती. दीड वर्षानंतर व्यायामाच्या दोन्ही गटांत दुखणे आणि अडचण कमी होती. फार नव्हे, पण ठरीव कमी. आणि चालल्याने गुडघा अधिक झिजेल ही जी धास्ती होती, ती त्यात खरी ठरली नाही. २०२० साली आणखी एक तुलना आली: १५६ रोग्यांपैकी निम्म्यांना गुडघ्यात स्टेरॉइडची सुई आणि निम्म्यांना फिजिओथेरपी. वर्षाअखेर फिजिओथेरपीवाले पुढे होते. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये तर सरळ सांगितले की या रोगात व्यायाम सर्वांना द्यावा, आणि विजेची यंत्रे देऊ नयेत. ज्या लाल दिव्याच्या शेकासाठी आमच्या जिल्ह्यातली माणसे दहा दहा दिवस एस. टी. ने खेपा घालीत, त्याच्याविषयी मी एवढेच म्हणेन की वाळूची पुरचुंडी स्वस्त पडते.

यातले कारण समजून घेण्यासारखे आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत. सांध्यातल्या द्रवातून तिचे पोषण होते, आणि तो द्रव तिच्यात शिरावयाचा तर तिच्यावर दाब येऊन सुटला पाहिजे, स्पंज दाबावा आणि सोडावा तसा. स्वस्थ बसलेल्या सांध्याची कूर्चा उपाशी राहते. दुसरे असे की गुडघ्याला सांभाळणारा मुख्य गडी म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू. तो दुबळा झाला की प्रत्येक पावलाचा धक्का सांध्यावर येतो. आणि दुखते म्हणून हालचाल थांबविली की तो आणखी दुबळा होतो. आजीचा घाट सुटला, मग देऊळ सुटले, मग आळी सुटली, ती या चक्रात. तिसरी गोष्ट वजनाची. १४२ स्थूल वृद्धांवर केलेल्या एका मोजणीत, देहाचे एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी उतरतो असे २००५ मध्ये दिसून आले. दिवाळीच्या फराळाच्या ताटापुढे हे सांगणे पाप आहे, तरी सांगतो.

अय्यंगारांच्या पुण्यापासून काही तासांच्या वाटेवर भिगवण आहे. तेथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका योजनेखाली घरोघर जाऊन सांध्यांची शिरगणती केली. ४०९२ प्रौढ माणसे विचारली. त्यांत ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरांना, सांध्या-स्नायूंचे दुखणे होते. झिजेचा संधिवात शंभरात जवळजवळ सहांना. आमवाताच्या जातीचा, ज्याची सगळ्यांना भीती, तो दोनशेत एकाला. परभणीची अशी शिरगणती माझ्या वाचनात नाही, पण आमच्याकडची कापसाची वेचणी, उकिडवे बसून केलेली खुरपणी आणि डोक्यावरचे हंडे पाहता आकडा खाली असेल असे मानावयास मला कारण दिसत नाही. बीजिंगमधल्या वृद्ध स्त्रियांत गुडघ्याची झीज अमेरिकेतल्या स्त्रियांपेक्षा जास्त आणि खुब्याची मात्र फार कमी आढळली. आणि ज्यांनी तरुणपणी पुष्कळ वेळ उकिडवे बसून काढला त्यांत गुडघ्याची झीज अधिक होती. आजीचे जाते तेथे नव्हते, पण घडी तीच.

माझी थोरली बहीण, अक्का, आज पंचाहत्तरी ओलांडून गेली आहे. सासर मानवतचे. तिचे गुडघे आजीच्याच वळणाने निघाले. फरक एवढा, की तिच्या वेळेपर्यंत परभणीत फिजिओथेरपी शिकलेली मुले-मुली आली होती. तिला जी मुलगी मिळाली ती तिच्या नातीच्या वयाची. तिने यंत्र लावले नाही. खुर्चीवर बसवून पाय सरळ करावयास लावला आणि दहा अंक मोजावयास सांगितले; अक्काने दहा ऐवजी दहा वेळा विठ्ठलाचे नाव घेण्याची परवानगी मागितली, ती मिळाली. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तो खाली दाबणे. हात न टेकता खुर्चीवरून उठणे. रोज थोडे चालणे. पहिले पंधरा दिवस अक्का रोज म्हणे, की ही पोर मला मारणार. दुखणे जरा वाढले तरी घाबरू नका, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरले म्हणजे बेताचे समजा, हे त्या मुलीचे गणित होते. दीड महिन्याने अक्का स्वतः दुकानात जाऊ लागली. पाट आणि मांडी घालणे मात्र तिने सोडले आहे. स्वयंपाक ओट्यावर, पूजा स्टुलावर बसून. देवाला त्याचे काही वाटलेले दिसत नाही.

दोन गोष्टी त्या मुलीने शिकविल्या त्या माझ्या मते सर्वांत मोलाच्या, आणि दोन्हींना पैसा लागत नाही. एक काठीची. आपल्याकडे जो गुडघा दुखतो त्याच बाजूच्या हातात काठी धरतात. आजीही तशीच धरी. ती दुसऱ्या हातात पाहिजे. दुखऱ्या पायावर भार येतो त्याच वेळी काठी पलीकडून टेकली म्हणजे भार वाटला जातो. अमेरिकेतल्या वॉल्टर ब्लाउंट या अस्थिवैद्याने १९५६ साली काठीची बाजू घेऊन एक लेखच लिहिला होता. काठीला लाजणाऱ्यांना त्याचा राग होता. दुसरी गोष्ट पायऱ्यांची: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि एका पायरीवर दोन्ही पाय आल्यावाचून पुढची पायरी नाही.

अशी शिकविणारी माणसे कोण, त्यांना काय करता येते आणि काय नाही, हे देशाच्या कायद्यात नीट लिहावयास २०२१ साल उजाडावे लागले. तालुक्याच्या गावापलीकडे, पालम-सोनपेठच्या खेड्यांत, अशी मुलगी आजही क्वचितच जाते. वैदू मात्र माझ्या लहानपणी प्रत्येक वाडीत जात असे.

मागल्या कार्तिकात अक्का माहेरपणाला गंगाखेडला आली होती. पहाटे आम्ही घाटावर गेलो. ती एकेक पायरी, दुखरा पाय आधी, अशी शेवटपर्यंत उतरली आणि गुडघाभर पाण्यात उभी राहिली. वर येताना तीन म्हाताऱ्या बाया पायरीवर टेकलेल्या दिसल्या, तिघींच्या काठ्या दुखऱ्या बाजूच्या हातात. अक्काने कुणाची ओळखदेख न विचारता तिघींच्या काठ्या हातांतून काढून घेतल्या आणि दुसऱ्या हातात दिल्या.